‘विपोल’ला संदर्भ

अण्णांचा शेवटचा फोन मी घेतला नाही. सकाळची शाळा आटोपून घरी आलो होतो, पानावर बसायच्या बेतात होतो, आणि फोन उचलल्यावर शैलाचा, माझ्या बायकोचा, चेहरा ज्या तऱ्हेने खुलला त्यावरून पलीकडे कोण आहे ते कळलं. तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू. मी हातानेच खूण केली, घरात नाही म्हणून सांग. तिने सांगितलं, आणि मग बराच वेळ नुसतं “हो भाऊजी... हो, सांगते... हो हो” करत उभी राहिली. काय म्हणाले ते मी तिला विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, मला माहीतच आहे. गेली काही वर्षं ते एकच विचारत, “बदललास का?” आणि मी एकच उत्तर देत असे, “बदलला अण्णा, पण त्यांनी पुन्हा उलटवला.” त्या दुपारी मला त्या प्रश्नाचा आणि त्याहून जास्त माझ्याच त्या उत्तराचा मनापासून वीट आला होता. दिवेलागणीला पोलादपूरहून दुसरा फोन आला, शैलाच्या त्या बहिणीचा, ताईंचा. अण्णा झोपाळ्यावर चहा पिता पिता गेले होते. कपही खाली पडला नव्हता म्हणे, मांडीवर तसाच धरलेला होता...

बदलायचा होता तो एक शब्द. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा एक मराठी ज्ञानकोश आहे, त्यात अण्णांनी ‘संरक्षक भिंत’ या नावाचा लेख लिहिला होता. टंकायचं काम माझं. त्या लेखातला एक शब्द अण्णांचा नव्हता. तो मी घातला होता, त्यांना न सांगता. आजवर हे आमच्या घरात, ताईंना आणि डोंगरावरच्या एका वाडीला एवढंच माहीत होतं. आता लिहून टाकतो. का लिहितो, ते शेवटी येईलच.

अण्णा सरकारी बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी घाटरस्त्यांवर गेली. डोंगर कापून रस्ता किंवा घर केलं की मागचा डोंगर पुढे येऊ नये म्हणून जी भिंत बांधतात, ती संरक्षक भिंत हा त्यांचा विषय, आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्या प्रत्येकाचा छळही. त्यांचं म्हणणं असं, की भिंत मातीने पडत नाही, पाण्याने पडते. डोंगरात मुरलेलं पाणी भिंतीच्या पाठीमागे साचतं आणि तिला ढकलतं. म्हणून भिंतीतून आरपार भोकं ठेवायची, पुढच्या बाजूला किंचित उतार देऊन, म्हणजे पाणी वाहून जातं. भोकं ठेवणं सोपं. ती उघडी ठेवणं कठीण. त्यांत माती बसते, गांधीलमाश्या घर करतात, येणारे-जाणारे गुटख्याच्या पुड्या कोंबतात. त्यावर अण्णांचा उपाय म्हणजे मोडक्या छत्रीची एक काडी. सरळ केलेली आणि टोकाला जराशी वाकवलेली. ती स्कूटरच्या हँडलला बांधलेली असे. वाटेत भिंत दिसली की स्कूटर थांबणार आणि काडी सुटणार. उमरठला एका लग्नाला आम्ही दोन स्कूटरवरून चौघं निघालो होतो तेव्हाची गोष्ट. ताई पैठणी नेसून मागे बसलेल्या, आणि अण्णा परीटघडीच्या सदऱ्यात रस्त्याकडेच्या भिंतीत काडी घालून चिखल ओढतायत. “अहो, मुहूर्त टळेल,” ताई ओरडल्या. “एकच राहिलंय,” अण्णा म्हणाले. त्यांचं ‘एकच राहिलंय’ म्हणजे अख्खी भिंत. आम्ही पोचलो तेव्हा मांडवात जेवणाच्या पंगती उठत होत्या आणि अण्णांच्या बाह्या कोपरापर्यंत लाल होत्या. वधूपित्याने विचारलं, “काय साहेब, पडलात की काय?” अण्णा म्हणाले, “पडू नये म्हणूनच.” त्या माणसाला काही कळलं नाही. अण्णांना त्याचं काही नव्हतं. आपण बोललो ते समोरच्याला कळलंच पाहिजे असा त्यांचा बाकी कुठेही आग्रह नसे. फक्त भिंतीच्या बाबतीत असे.

ज्या वर्षी दासगावच्या बाजूला आणि वर पोलादपुराकडे दरडी आल्या, त्यानंतर जो तो भिंत बांधायला लागला. निवृत्त झालेल्या अण्णांना कोणी विचारत नव्हतं. ते रोज कुठली तरी नवी, आंधळी भिंत बघून यायचे आणि रात्री ताईंना जेवू द्यायचे नाहीत. शेवटी पुण्याहून त्यांच्या मुलीने फोनवर त्या ज्ञानकोशाचं सांगितलं. तिथे कोणीही लिहू शकतं म्हणाली. “कोणीही? मग गाढवंही लिहीत असतील.” “म्हणून तर तुम्ही लिहा ना बाबा.” आणि दर गुरुवारी अण्णा आमच्या घरी महाडला येऊ लागले, कारण कॉम्प्युटर माझ्याकडे होता आणि मराठी टंकायला मी शिकलो होतो. मी शाळेत मराठी शिकवतो. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या लायनीवरून चाले, म्हणजे आम्ही लिहीत असताना घरचा फोन बंद. लिहून होईतो वीज जाई. वीज आली की लाइन लागत नसे. लाइन लागली की लिहिलेलं गेलेलं असे. अण्णा खोलीत येरझारा घालत, हाताखालच्या कनिष्ठ अभियंत्याला सांगावं तसं सांगत, “लिहा मास्तर. पुढे लिहा. झालं का? वाचा.” मी अर्धविराम कुठे द्यायचा विचारलं की म्हणत, “जिथे गवंडी विडी ओढायला थांबेल तिथे द्या.”

त्यांनी पहिला लेख ‘मोरी’वर लिहिला. रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारी मोरी. पुढच्या गुरुवारी उघडून बघतो तर कोणा सद्गृहस्थाने त्यात भर घातलेली, की मोरी रोज घासावी, त्यामुळे घरात डास होत नाहीत, आणि खाली पितळी घंगाळाचं चित्र. “माझ्या मोरीत आंघोळ कोणी केली?” अण्णांचा आवाज शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू गेला. मी समजावलं, की दोन्हीला मराठीत मोरीच म्हणतात, त्याची काही चूक नाही. “मग त्याने त्याची मोरी वेगळी बांधावी!” तेव्हा मी खूप हसलो होतो.

मग ‘संरक्षक भिंत’ आली. अण्णा म्हणाले, “लिहा. भिंतीत ठरावीक अंतरावर विपोल ठेवावेत.”

“काय ठेवावेत?”

“विपोल. वि, पो, ल. इंग्रजी आहे मूळ, वीप होल. आमच्या गवंड्यांनी त्याचं विपोल केलं. इथल्या कुठल्याही गवंड्याला विचारा.”

“अण्णा, ज्ञानकोश आहे हा. असला शब्द बरा नाही दिसत.”

“का? ज्ञानकोशाला विपोल नकोत? सगळं ज्ञान आतच तुंबवून ठेवायचं?”

मी लिहिला. ते गेले आणि मी पुन्हा बसलो. वर्गात मुलांना “टेबलाला मेज म्हणा” सांगणारा माणूस मी. माझ्या हाताने ‘विपोल’ लिहिलं गेलं, हे मला सहन होईना. मूळ इंग्रजी शब्दात रडणं आहे, भोक आहे. थोडा विचार केला आणि मला ‘अश्रुरंध्र’ सुचला. खरं सांगतो, अंगावर रोमांच आले. इतका सुंदर शब्द आपण घडवला, असं वाटलं. लेखात जिथे जिथे ‘विपोल’ होता तिथे तिथे मी ‘अश्रुरंध्र’ केलं. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पडद्यावरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नसत, म्हणून लेख मी वाचून दाखवायचा असा आमचा रिवाज. पुढच्या गुरुवारी त्यांनी वाचायला सांगितलं. मी वाचत गेलो. त्या वाक्यापाशी आलो. पडद्यावर ‘अश्रुरंध्रे’ होतं, आणि मी तोंडाने ‘विपोल’ वाचलं. अडखळलोही नाही. अण्णा डोळे मिटून मान डोलावत होते... हे मी एकदा नाही, कित्येक गुरुवार केलं.

लेखाला काही दिवसांतच वर पट्टी लागली : ‘या लेखाला संदर्भ नाहीत. विश्वासार्ह छापील संदर्भ द्यावेत.’ पट्टी लावणाऱ्याने ‘सह्यकडा’ असं टोपणनाव घेतलं होतं. कोण, कुठला, माणूस की बाई, अजून माहीत नाही. अण्णा म्हणाले, “त्याला लिहा, मी आहे ना संदर्भ.” मी तेच सौम्य करून लिहिलं. उत्तर आलं, ‘आपण कोण आहात याने फरक पडत नाही. कुठे छापून आलं आहे ते सांगावं.’ “छापलंय म्हणावं! घाटात दगडांत छापलंय. ये म्हणावं बघायला.” हेही मी सौम्य केलं. पुन्हा उत्तर, ‘स्वतःचं निरीक्षण ग्राह्य नाही.’ यावर अण्णांना जे सुचलं ते सौम्य करता येण्यासारखं नव्हतं. त्यांचा मुद्दा असा, की मी सांगितलं तर चालत नाही, पण मी एखाद्या छापखानेवाल्याला सांगितलं आणि त्याने छापलं तर चालतं, म्हणजे अक्कल माझी की शाईची? मला त्या ‘सह्यकडा’चा राग यायचा, अण्णांचाही यायचा. एक जण नियमाच्या बाहेर यायला तयार नाही, दुसरा नियमाच्या आत जायला तयार नाही, आणि मध्ये मी, दर गुरुवारी दोघांचा हमाल. शैला म्हणायची, “तुम्ही दोघं त्यापेक्षा पत्ते खेळा.”

त्याच सुमाराला कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या एका वाडीने भिंत बांधायला घेतली. तिथली घरं गुरं पाळणाऱ्यांची, नाचणी-वरीची शेती करणाऱ्यांची, आणि घरटी एक-दोन माणसं मुंबईला. दरडींनी सगळेच घाबरले होते, वाडीच्या मुंबईकर मंडळाने वर्गणी केली होती. मंडळाचा चिटणीस सुरेश तिकडे छापखान्यात कामाला. त्याला कोणीतरी सांगितलं की अण्णासाहेबांनी भिंतीवर इंटरनेटला लिहिलंय. अण्णांनी तसं पोलादपूरच्या बाजारात भाजीवालीलाही सांगितलेलं होतं. सुरेशने मुंबईत लेखाची प्रत काढली, वाडीवर आणून गवंड्याला दिली आणि बजावलं, की साहेबांनी लिहिलंय तसंच बांधायचं. नंतर मंडळाने स्मरणिका काढली, तिच्यातही तो लेख अण्णांच्या नावाने जसाच्या तसा छापला. भिंत पुरी झाल्याचा नारळ फुटायच्या आधी सुरेश महाडला उतरला तेव्हा स्मरणिकेची एक प्रत मला देऊन गेला. आणि मी काय केलं? त्याच संध्याकाळी लेखाला तिचा संदर्भ लावून टाकला. छापील संदर्भ! दुसऱ्या दिवशी ‘सह्यकडा’ने पट्टी काढली, खाली ‘धन्यवाद’ लिहिलं. मी अण्णांना फोन केला. ते इतके खूश झाले की ते ‘धन्यवाद’ त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, “परवा नारळाला चला माझ्याबरोबर. आता मला दिसतं नीट. ती स्मरणिका माझी मी वाचणार.” त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ते वाक्य ऐकल्यापासून नारळाच्या दिवसापर्यंत मी काय जेवलो, मला आठवत नाही.

वैशाखातली सकाळ होती. शेवटचा चढ पायी. वाडीने पताका लावल्या होत्या, मुंबईहून एक टेम्पो भरून माणसं आली होती, लाऊडस्पीकरवर सुरेश “अभियांत्रिकी क्षेत्रातले आपले सर्वांचे लाडके” वगैरे बोलत होता. घरांच्या मागे भिंत उभी होती, काळ्या दगडाची, देखणी. आणि तिच्यात ठरावीक अंतरावर, एका ओळीत, सुबक देवळ्या. पणती ठेवायची देवळी असते तशा, वर कमान दिलेल्या. प्रत्येकीत एक पणती लावलेली, भर उन्हात. अण्णा नारळाकडे गेलेच नाहीत. सवयीने काडी काढली आणि पहिल्या देवळीत घातली. काडी वीतभर आत गेली आणि दगडावर टेकली. दुसरीत घातली. टेकली.

“गोविंदा,” अण्णांनी गवंड्याला हाक मारली, “हे काय हाय?”

“देवळी, साहेब.”

“ती दिसली मला. विपोल कुठायत?”

“कागदात विपोल नाय लिवलेलं, साहेब. मी म्हणलो बी होतो सुरेशला, विपोल ठेवू का म्हणून. पाइप आणून ठेवलेलं मी. तो म्हणला, साहेबांचं अक्षर इकडंतिकडं करायचं नाय.”

सुरेश लगबगीने पुढे आला. “अण्णासाहेब, पेपरमध्ये बघा ना, क्लिअर लिवलंय. अश्रुरंध्रे ठेवावीत. आम्ही त्याच्यावर मंडळाची मीटिंग घेतली. अश्रू म्हणजे आसवं. म्हणजे दरडीत गेलेल्यांच्या आठवणीचं काय तरी असणार. रंध्र म्हणजे भोक. मग देवळी म्हणून पक्कं केलं. सगळ्यांना आयडिया एकदम पसंत पडली.”

या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या गडगा माहीत. नुसते दगड रचलेला, चुन्या-सिमेंटाशिवायचा. त्याच्या अंगातून पाणी आपसूक जातं, त्याला भोकं कशाला ठेवायची? सिमेंटच्या भिंतीला लागतात हे त्यांच्यात एकट्या गोविंदाला ठाऊक होतं, आणि ते त्याला ज्या शब्दाने ठाऊक होतं तो शब्द मी पुसला होता.

अण्णांनी कागद मागून घेतला. नवा चष्मा लावून ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. मग कागद माझ्यापुढे धरला. “मास्तर, हे जरा वाचून दाखवा.” सगळी वाडी बघत होती. मी वाचलं, “भिंतीत ठरावीक अंतरावर... अश्रुरंध्रे ठेवावीत.” “पुन्हा वाचा.” मी पुन्हा वाचलं. “हां,” अण्णा म्हणाले, “घरी ऐकताना मला काहीतरी वेगळं ऐकू यायचं. कान गेले असतील.” एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांना ओरडताना मी हजार वेळा ऐकलं होतं...

“नारळ ठेव बाजूला,” ते गोविंदाला म्हणाले, “आणि पहार आण. पाऊस यायच्या आत ह्या सगळ्या आरपार झाल्या पाहिजेत.” तेवढ्यात गर्दीतून भागीआय पुढे आली. वाडीतली म्हातारी. तिची लेक खाली दिलेली होती, दरडीच्या गावात. ती कोपऱ्यातल्या देवळीपुढे जाऊन उभी राहिली. “साहेब, ही माज्या लेकीची. फोडू नका.” “आये, त्यातनं पाणी गेलं नाय तर भिंत पडंल.” “पडू नये असं करा. तुम्ही शिकलेले हायत.” नकाशातली एक रेघ मंत्र्याच्या सांगण्यावरून हलवली नाही म्हणून बदल्या सोसलेला हा माणूस. छत्रीच्या काडीने कान खाजवत तो त्या म्हातारीपुढे उभा राहिला, आणि मग म्हणाला, “बरं. देवळीला हात नाय लावत. खालून घेतो.”

बांधलेली भिंत पुढून आरपार फोडायची म्हणजे काय, ते मी त्या दिवसांत शिकलो, कारण अण्णांनी मला उन्हाळ्याची सुट्टी तिथेच घालवायला लावली. रोज त्यांच्या स्कूटरवर मागे बसून जायचं, गोविंदा छिन्नी मारणार, मी पाइप धरणार. “धर नीट, अश्रू.” त्या दिवसापासून मी ‘मास्तर’चा ‘अश्रू’ झालो आणि ‘तुम्ही’चा ‘तू’. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर, भर बाजारात, त्यांच्या मुलीच्या बाळाच्या बारशात, “काय अश्रू, चहा घेणार?” लोक विचारत, हे काय नाव. अण्णा म्हणत, “त्यालाच विचारा, फार सुंदर शब्द आहे.” मी हसून वेळ मारून नेई. प्रत्येक देवळीच्या खाली एक विपोल झाला. पाऊस मध्यावर आला तेव्हा गोविंदाचा फोन आला, “समदी विपोल चालू हायत, साहेब. धो धो.” अण्णांनी तो निरोप मला मुद्दाम फोन करून सांगितला, आणि पुढे म्हणाले, “भिंत झाली. आता शब्द.”

आणि इथून पुढचा वैताग मी कोणाला सांगू! लेखात मी ‘अश्रुरंध्र’ पुसून ‘विपोल’ केलं. दुसऱ्या दिवशी ‘सह्यकडा’ने उलटवलं. टीप, ‘आपणच दिलेल्या छापील संदर्भात अश्रुरंध्र हा शब्द आहे. विपोल या शब्दाला संदर्भ आहे का?’ मी लिहिलं, तो शब्द चुकून पडला आहे. उत्तर, ‘चुकून पडल्याचा संदर्भ द्यावा.’ मी लिहिलं, कुठल्याही गवंड्याला विचारा. ‘गवंडी छापील नाहीत.’ मध्यंतरी कुठल्या तरी परिभाषेच्या यादीत कोणी ‘अश्रुरंध्र’ उचलला, मग तोही संदर्भ लागला. माझं पोर माझ्याच विरुद्ध साक्ष द्यायला उभं. अण्णा म्हणायचे, “मी बोलतो त्याच्याशी, नंबर घे.” अण्णा, तिथे नंबर नसतात. “मग पत्ता घे.” पत्ताही नसतो. “मग तिथे असतं काय?” त्या माणसाला मी मनात खूप शिव्या दिल्या. पण त्याचं काय चुकलं? कोणीही काहीही लिहील म्हणून तर तो नियम होता. माझ्यासारख्यासाठीच होता. आणि मी तो नियम नीट पाळून खोटं उभं केलं होतं.

यावर उपाय होता, तोही अण्णांनीच सांगितला. “छाप ना कुठेतरी. तुझी पेपरात ओळख आहे. चार ओळी लिही, की इकडे विपोल म्हणतात. झाला संदर्भ.” “तुम्ही सांगा, मी लिहून घेतो,” मी म्हटलं. “मी नाही. चूक तुझी, नाव तुझं.” आता चार ओळी लिहायच्या तर ‘अश्रुरंध्र’ आला कुठून हे लिहावं लागणार. मराठीच्या मास्तराने गवंड्याचा शब्द पुसला आणि वाचताना म्हाताऱ्या माणसाच्या कानाला फसवलं, हे लिहावं लागणार. महाड गाव लहान आहे. मी म्हणायचो, दिवाळीत बघू, परीक्षा होऊ देत, सुट्टीत बसतो. अण्णा ‘बदललास का’ विचारायचे तेव्हा त्यांना हेच विचारायचं असायचं. ते मला कळायचं. माझं ‘उलटवला’ हे उत्तर खरं होतं आणि पळवाटही होती. शेवटच्या गुरुवारी ते आले तेव्हा लेख उघडलाच नाही. चहा घेतला, शैलाशी आपल्या मुलीच्या बाळाबद्दल बोलले. निघताना दारात म्हणाले, “अश्रू, तुझी लय मोठी भिंत आहे रे.” मी म्हटलं, “जपून जा अण्णा.” आणि दार लावून घेतलं.

परवा तेरावं झाल्यावर मी शैलाला विचारलं, त्या दुपारी फोनवर काय म्हणाले होते. तिने माझ्याकडे असं बघितलं... “आता विचारताय? काही नाही, काडी तुमच्याकडे राहिलीय म्हणाले, दाराच्या मागे. पुढच्या गुरुवारी नेतो. आणि तोवर अश्रूला सांग, कापड्याच्या वळणावरच्या भिंतीत डावीकडचं एक बघून ये, काल नुसत्या बोटाने बघितलं, आत काहीतरी आहे.”

शब्दाबद्दल? शब्दाबद्दल काही म्हणाले नव्हते.

तर आता, छापील अक्षरांत, माझ्या नावाने : संरक्षक भिंतीच्या पाठीमागचं पाणी बाहेर जावं म्हणून तिच्यात ठेवलेल्या आरपार भोकाला महाड-पोलादपूर भागातले गवंडी ‘विपोल’ म्हणतात. ‘अश्रुरंध्र’ असा शब्द कुठलाही गवंडी वापरत नाही. तो मी घरात बसून केला. ‘सह्यकडा’ यांनी पेपराची ही पुरवणी संदर्भ म्हणून घ्यावी, पान क्रमांक त्यांचा त्यांनी बघावा.

काल पोलादपूरला ताईंना भेटायला निघालो तेव्हा दारामागची काडी घेतली आणि स्कूटरच्या हँडलला बांधली. शैला मागे बसली. कापड्याच्या वळणावर थांबलो. डावीकडच्या विपोलात काडी घातली तर अर्ध्यावर अडली. टोकाचा आकडा फिरवून ओढलं तेव्हा आधी माती आली, मग गुटख्याच्या पुड्यांचा एक ओला गोळा, आणि त्यामागून गढूळ पाण्याची धार थेट माझ्या सदऱ्यावर. बाही कोपरापर्यंत लाल झाली. मी शेजारच्या विपोलाकडे सरकलो.

“अहो चला ना,” शैला स्कूटरपाशी उभी राहून म्हणाली, “ताई जेवायची थांबली असेल.”

“आलो,” मी म्हटलं. “एकच राहिलंय.”